दोन भोकांची लाल चकती

सांगली
१८ मार्च १९६३

ती. नानांस,
शालनचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या दोन चकत्या शुक्रवारी मिळाल्या. माल तपासण्याआधी तो कसा आला हे क्रमाने लिहून काढायची आमच्या कारखान्यात रीत आहे. घरच्या बाबतीतही तेच केलं आहे. चूक असेल तर दुरुस्त करून कळवावी.

१. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मानसिंगदादाला पलटणीची तार आली. तो त्याच दिवशी निघाला.
२. ५ डिसेंबरला दुसरी तार आली : १९ नोव्हेंबरपासून बेपत्ता.
३. २२ जानेवारीला घरी पार्सल आलं. आत बिस्किटांचा डबा. डब्यात चौदा पांढऱ्या आणि नऊ निळ्या चकत्या. पत्र नव्हतं.
४. त्याच डब्यात रुमालाच्या तुकड्यात वेगळी गुंडाळलेली एक लाल चकती होती. तिच्यात काळा दोरा ओवलेला होता.
५. तुम्ही ती हातात घेतलीत. हा शिपायाच्या गळ्यातला बिल्ला आहे आणि लाल बिल्ला घरी आला म्हणजे माणूस गेला, असं सांगितलंत. त्यावरचा नंबर मोठ्याने वाचलात. नंबर दादाचा होता.
६. ३१ जानेवारीला नदीवर दादाचा दहावा झाला. मनूवहिनींचं कुंकू पुसलं. मला त्यानंतर कळवलंत.
७. लाल चकती तेव्हापासून देव्हाऱ्यात आहे.
८. ७ मार्चला बोहारीण आली. पांढऱ्या चकत्या हस्तिदंती आहेत असं म्हणाली आणि सगळ्यांवर पितळी घागर देऊ लागली. हस्तिदंत असेल तर तो सरकारी किंवा चोरीचा असेल, परत पाठवावा लागेल, म्हणून तुम्ही एक पांढरी आणि एक निळी माझ्याकडे तपासायला पाठवलीत.

तपासणीचा निकाल असा. हस्तिदंत नाही. तापलेली सुई लावली की वितळते. हस्तिदंत वितळत नाही. साध्या पाण्यात बुडते, मिठाच्या दाट पाण्यात तरंगते. फरशीवर टाकली की पत्र्यासारखी वाजते. जळतानाची ज्योत, काजळी आणि वास आमच्या कारखान्यातल्या तपासणीच्या तक्त्याप्रमाणे. हे पॉलिस्टायरीन नावाचं स्वस्त प्लास्टिक आहे. आम्ही यातूनच कंगवे आणि बाटल्यांची टोपणं काढतो. काठावर बारीक दाते आहेत, ते एकावर एक रचलेल्या चकत्या घसरू नयेत म्हणून. एका बाजूला साच्यात माल शिरला त्या जागेचा टवका दिसतो. पोकर नावाच्या विलायती पत्त्यांच्या डावात पैशांच्या जागी या चकत्या लावतात. वय सुमारे वीस वर्षं, अमेरिकन फौजेच्या मालातल्या. हे मला कुठून कळलं ते महत्त्वाचं नाही, पण माहिती खात्रीची आहे.

किंमत : एकीला दीड नवा पैसा. अख्खा संच असता तर शौकिनाने थोडं जास्त दिलं असतं. हा अपुरा आहे आणि निळीला तडा आहे. बोहारणीने घागर दिली तर ती फसेल. माल सरकारी नाही, परत पाठवायची गरज नाही.

लाल चकती तुम्ही पाठवली नाहीत. ती अर्ध्या तासासाठी पाहायची आहे. कृपया रजिस्टर्ड टपालाने पाठवावी. न बिघडवता परत करीन.

आपली,
शालन

•

धावडेमाळ, ता. पाटण
२५ मार्च

चि. शालन हीस,
हिंदुरावाचा आशीर्वाद.

मी सांगतूया, मनू लिवतीया. माज्या हाताला कापरा भरलाय, लेखनी धरवत न्हाई. तुजं पत्तर मनूनं दोनदा वाचून दाखीवलं. एक दोन तीन करून लिवलंयस ते बघून मला आमच्या कंपनीचा बारनिशी कारकून आठवला. त्यो बी असाच. मढं पडलं तरी आदी तारीख लिवायचा.

बोहारणीला म्या सांगितलं, बाई, ही हत्तीची न्हाईत, आता तुज्या घागरीलाच सोंड लाव आन् घिऊन जा. लय चिडली. म्हनली, म्हातारं खवाट हाय. माल सरकारी न्हाई ह्ये बरं झालं. आपल्या घरात तीन पिढ्या फौजंची भाकरी हाय, पर सरकारची टाचनी बी कुनी घरी आनली न्हाई.

आता लाल बिल्ल्याचं. त्यो मी धाडनार न्हाई. पोरी, तू शिकलीस त्ये आमी शिकीवलं म्हनून. पर ही इद्या तुज्या तक्त्यात न्हाई. इटलीत मी स्ट्रेचर उचलाय हुतो. मढ्याच्या गळ्यात दोन बिल्लं असायचं, एक लाल, एक हिरवा. लाल काढायचा आन् हापिसात द्यायचा, हिरवा त्येच्याबरूबर मातीत जायाचा. एका थंडीत ह्या बोटांनी एकशे एकतीस लाल बिल्लं काढलं. आपल्या खालच्या आळीचा ज्ञानू हुता, त्येचा बी म्याच काढला. बोटं इसरत न्हाईत. डोळं झाकून दिला तरी बिल्ला मी वळखीन.

येत्या आखितीला, २६ एप्रिलला, बिल्ला घिऊन कराडच्या संगमावर जायाचं ठरीवलंय. मनूचं डोरलं बी संगं सोडायचं. दहाव्याला कावळा शिवला न्हाई. तीन तास बसलो. शेवटाला दर्भाचा कावळा केला. त्येचा जीव अडकलाय, त्यो मोकळा कराय पायजे. लोकं बोलत्यात.

तू येनार असशील तर ये. न्हाई तर काम बघ.

हिंदुराव

वन्सं, नाना पारावर गेलेत म्हणून खाली चार ओळी माझ्या लिहिते. नानांना सांगू नका. घरात रोज झेंडूचा वास येतो. दिवा लावला की येतो. दारात झेंडू नाही, मळ्यात नाही, मार्च महिन्यात कुठला झेंडू. छबीलाही येतो. ती पाच वर्षांची पोर, ती काय खोटं बोलेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे निघाले तेव्हा दारावरची माळ काढून छबीनं यांच्या गळ्यात घातली होती. तीच घालून एस्टीत बसले. शेजारच्या धोंडुबाई म्हणतात, गेलेलं माणूस वासानं येतं, बोलू नये, पाट मांडावा. मी रोज पाट मांडते.
— मनू

•

सांगली
३० मार्च १९६३

वहिनींस,
नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे.

वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी खोटं मानत नाही. छबीला येतो, तुम्हाला येतो, म्हणजे वास आहे. आता कारण.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की जळतानाचा वास तक्त्याप्रमाणे. कोणता वास ते लिहिलं नव्हतं. तक्त्यात या प्लास्टिकच्या पुढे ‘झेंडू’ असं छापलेलं आहे. चकतीची नखभर तासणी मी चिमट्यात धरून जाळली. पिवळी ज्योत, काजळीचे लांब धागे आणि झेंडू. हे काम मी रोज करते. त्या दिवशी खिडकी उघडावी लागली.

लाल चकतीही त्याच प्लास्टिकची असेल आणि देव्हाऱ्यात समईच्या फार जवळ असेल, तर ज्योतीने तिचा काठ तापतो आणि दिवा लावला की वास येतो. फौजेचा बिल्ला दाबलेल्या कागदासारख्या लगद्याचा असतो. तापला तर त्याला जळक्या कागदाचा वास येईल.

मी तिथे नाही, म्हणून तुम्ही पाहून कळवा :
चकती समईपासून किती बोटं दूर आहे? ज्योतीकडचा काठ वाकलेला किंवा काळा आहे का? भोकं किती? भोकाच्या कडेला बोट फिरवलं तर सपाट लागतं की कंगोरा लागतो? बाहेरचा काठ दातेरी आहे की गुळगुळीत? आणि तिच्यावर काय कोरलं आहे? इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालेल, जसं दिसतं तसं पाहून काढा.

नंतर ती समईपासून दोन वीत दूर सरकवा, चार दिवस तशीच ठेवा आणि वास येतो का ते कळवा. दूर ठेवणं एरवीही जरूर आहे. हे प्लास्टिक पेट घेतं, आणि देव्हारा लाकडी आहे.

नानांचा हात कधीपासून कापतो?

शालन

•

धावडेमाळ
८ एप्रिल

वन्सं,
मनूचा नमस्कार.

पत्र पोष्टमननं माझ्या हातात दिलं, नाना दारातच बसले होते. कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माहेरचं. नानांशी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले. ते पाकीट माझ्याच हातात होतं आणि त्यावर तुमचं अक्षर होतं. नाना तुमचं अक्षर वळखत नाहीत असं आहे का.

तुम्ही विचारलंत ते सांगते. समईपासून दोन बोटं. ज्योतीकडचा काठ पापडासारखा वर वळलाय आणि काळा पडलाय. भोकं दोन आहेत, मधोमध, जवळजवळ, शर्टाच्या गुंडीला असतात तशी. भोकाच्या कडेला कंगोरा लागतो. दोरा एका भोकातनं जाऊन दुसऱ्यातनं परत आलाय आणि पुढं गाठ मारलीय. बाहेरचा काठ गुळगुळीत आहे, पण पांढुरका, खरवडल्यासारखा. पांढऱ्या चकत्यांना दाते आहेत, हिला नाहीत. म्हणून तर आम्हाला ती वेगळी वाटली.

आणि कोरलेलं काही नाही. मी दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या. एक अक्षर नाही, एक आकडा नाही. तेव्हाही मला दिसलं नव्हतं. पण नानांनी घडघडा वाचलं. मला वाटलं, फौजेतली लिखावट असेल, फौजेतल्या माणसालाच दिसत असेल. सगळी आळी जमली होती. केरू पाटील म्हणाले, हवालदार, काय लिव्हलंय? नानांनी ती डोळ्याजवळ नेली, अंगठा फिरवला आणि नंबर सांगितला. मग मी रडले, पुढचं मला आठवत नाही.

हात कापत नाही. परवा नानांनी गुळाची ढेप एका घावात फोडली. पण चहाची बशी मी हातात दिल्याशिवाय घेत नाहीत. दारातनं आत येताना आधी चौकटीला हात लावतात. संक्रांतीला तिळगूळ छबीला म्हणून मांजराला दिला, आणि आम्ही हसलो तर म्हणाले, गंमत केली. चिठ्ठ्यापत्र्या मला लिहायला लावतात ते गौरी-गणपतीपासनं. मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाले, नेम धरून उडता पक्षी पाडलाय ह्या डोळ्यांनी, त्यास्नी काय धाड भरलीया?

वन्सं, मी काय लिहितेय ते मला कळतंय. म्हणून पुढं लिहीत नाही.

बिल्ला दोन वीत सरकवला. मंगळवारी वास आला नाही. बुधवारी नाही. बेस्तरवारी छबीनं विचारलं, आज पण बाबा आलं न्हाईत? मी शुक्रवारी तो होता तिथं परत ठेवला. दिवा लावला. वास आला. मी पाट मांडला.

मला रागावू नका. तुमचा तक्ता खरा असेल. पण माझ्या घरात तेवढंच येत होतं.

आता मी बिल्ला नदीत सोडायचा की नाही ते सांगा. नानांनी बैलगाडी सांगून ठेवलीय.

मनू

•

सांगली
१५ एप्रिल १९६३

ती. नानांस शि. सा. नमस्कार.
वहिनींस नमस्कार.

हे पत्र दोघांना आहे. वहिनी, तुम्ही ते नानांना वाचून दाखवाल. कुठलीही ओळ गाळू नका. माझ्याबद्दलचीही नाही. मी माझ्यापासूनच सुरुवात करते.

मी एक गोष्ट लपवली. दादाने मला ७ नोव्हेंबरला लिहिलेलं कार्ड नोव्हेंबरअखेर इथे मिळालं होतं. त्यातला मजकूर जसाच्या तसा :

“शालन, इथं थंडी लय आहे, पण ठीक आहे. गेल्या महायुद्धात इकडं अमेरिकन होते, त्यांच्या पोकर नावाच्या डावातल्या चकत्या अजून बाजारात मिळतात. कँटीनवाल्याकडनं तेवीस जिंकल्या. एक लाल त्यानं हरल्यावर चिडून फेकून मारली, ती पण ठेवली. मनूला सांगू नको. पत्त्याला हात लावणार नाही असा तिला शब्द दिलाय. छबीसाठी एक गंमत केलीय, दोन संध्याकाळी गेल्या. उद्या पार्सल टाकतो.”

चकत्या कसल्या हे मला त्यावरून कळलं. शब्द मोडल्याचं वहिनींना कळू नये म्हणून मी कार्ड कोणाला दाखवलं नाही. गंमत म्हणजे या पांढऱ्या-निळ्या चकत्याच, असं मी समजले. लाल वस्तू फौजेचा बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. मी ते तपासल्याशिवाय मानलं. कारखान्यात असं केलं असतं तर मला कामावरून काढलं असतं. दहावा झाल्याचं कळलं, त्यानंतर दहा आठवडे मी ते कार्ड पुस्तकात ठेवून कामावर जात होते. ही चूक माझी आहे.

आता लाल चकती. न पाहता, वहिनींनी लिहिलं त्यावरून सांगते.

ती बिल्ला नाही. झेंडूचा वास आणि वळलेला काठ यावरून ती बाकीच्यांसारखंच प्लास्टिक आहे. भोकं तापलेल्या खिळ्याने पाडली आहेत. कंगोरा राहतो तो माल वितळून वर येतो म्हणून. काठाला दातेच होते. ते दादाने दगडावर घासून काढले, त्यामुळे काठ पांढुरका आहे. दाते का काढले याचा मी दोन दिवस विचार केला. दोरा दोन भोकांतून जाऊन परत येतो आणि गाठ मारलेली आहे. गळ्यात घालायचा दोरा असा ओवत नाहीत. छबीच्या बोटांना लागू नयेत म्हणून दाते काढले. ती भिंगरी आहे.

दोन्ही हातांत दोऱ्याची टोकं धरायची, चकती गरागरा फिरवून पीळ द्यायचा, आणि हात ओढायचे, सैल सोडायचे, ओढायचे. गुणगुणल्यासारखा आवाज येतो. नाना, तुम्ही मला अशी भिंगरी गुंडीची करून दिली होती. दादाला पण तुम्हीच शिकवलीत.

पार्सल ८ नोव्हेंबरला निघालं. दादा बेपत्ता झाला १९ तारखेला. म्हणजे ही चकती त्याच्या मृत्यूबद्दल काहीच सांगू शकत नाही. ती त्याच्या आधीची आहे. त्या दोन संध्याकाळी तो जिवंत होता आणि बसून दगडावर काठ घासत होता, एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

तो आज जिवंत आहे असं मी म्हणत नाही. युद्धकैद्यांच्या याद्या येत आहेत, त्यांत त्याचं नाव मी अजून ऐकलेलं नाही. पलटणीच्या कचेरीला मी विचारलं. काल उत्तर आलं : अजून बेपत्ता. मृत असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. तपासणीत कधी कधी ‘निर्णय करता येत नाही’ असा शेरा मारावा लागतो. तो शेरा मी शेकडो वेळा मारला आहे. घरासाठी लिहिताना तो आज पहिल्यांदाच जड गेला.

नाना, आता तुम्हाला. चकतीवर नंबर नाही. दादाचा नंबर मलाही पाठ आहे, तुम्हालाही आहे, त्याच्या प्रत्येक पत्रावर असतो. सगळी आळी समोर होती, केरू पाटलांनी विचारलं, आणि तुमच्या डोळ्यांना काही दिसलं नाही. बोटांनी गोल, दोरा, भोक एवढं सांगितलं. एकशे एकतीस वेळा त्या बोटांना जे लागलं तेच याही वेळी लागलं. मी तुमच्याकडे कबुली मागत नाही. वहिनी हे वाचत असताना तुम्ही काय बोलाल ते त्यांच्याशी बोला; मला कळवायची गरज नाही. मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ३ मे रोजी सकाळी नऊ वाजता तुमचं नाव नोंदवलं आहे. मी एस्टी स्टँडवर असेन. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो.

वहिनी, कुंकू लावायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. कोणी पुरावा मागितला तर कार्डाची नक्कल सोबत आहे, मूळ कार्ड माझ्याकडे आहे. डोरलं कशासाठी सोडायचं, हे मात्र मला आता कोणी समजावून सांगावं. पाकिटावर तुमच्या नावाआधी मी काही लिहिलेलं नाही. सौ. लिहायला माझ्याकडे आधार नाही, गं. भा. लिहायलाही नाही.

पाट मांडलात तर मी रागावणार नाही. वास कशाचा आहे ते मी सांगितलं. तो त्याच्या हातांनी घासलेल्या वस्तूचा आहे, हेही तितकंच खरं आहे. पण रोज तापली तर ती उन्हाळाभरही टिकणार नाही.

आखिती शुक्रवारी आहे. बैलगाडी गुरुवारी निघेल. म्हणून बुधवार, २४ एप्रिलपर्यंत मला मिळेल असं एक कार्ड टाका. त्यावर फक्त एवढंच लिहा : चकती नदीत जाणार आहे, की छबीच्या हातात दिली.

शालन